गायीचा घास

खोपटाची चेन ओढून गॉर्डन आधी स्वतः आत शिरला आणि मग त्याने मला हात दिला. मी घडीच्या खुर्चीवर टेकलो तसं त्याने ओठांवर बोट ठेवलं आणि डोळा मारला. म्हणजे आता गप्पा बंद. साठी उलटलेले आम्ही दोघे बाप्ये, लपाछपीतल्या पोरांसारखे कापडाआड दडून बसलो होतो आणि खरं सांगायचं तर मला मजा वाटत होती.

हरणाच्या शिकारीसाठी दडून बसायच्या या तंबूला तिकडे ब्लाइंड म्हणतात. मी खोपटंच म्हणायचो. आतून सगळं काळं, बाहेरून सुक्या पानांचा रंग. गॉर्डनच्या पुढ्यात आडवी खिडकी होती आणि माझ्या बाजूला वीतभर फट. त्याने मला त्याच्या रानातून, ओढा ओलांडून, लांबच्या वाटेने आणलं होतं. पानं झडलेली, त्यामुळे सगळी झाडं मला सारखीच. आपण नेमके कुठे आलोय याचा मला पत्ता नव्हता. फटीतून फक्त ओढ्याकडची झुडपं दिसत होती. कुठेतरी जवळच सडलेल्या सफरचंदांचा आंबूस वास येत होता.

"जागा तुझ्या मुलाने सुचवली," गॉर्डन माझ्या कानाशी म्हणाला. "तुलाही बरोबर आणावं, असं तोच म्हणाला. चांगला मुलगा आहे."

मी मान डोलावली. पोराची कुणी स्तुती केली की बापाची मान आपोआप डोलते.

सुहास हा माझा एकुलता एक मुलगा. पेनसिल्व्हेनियातल्या एका लहान गावात, पंप बनवायच्या कारखान्यात तो इंजिनियर होता. गॉर्डन त्याच कारखान्याचा मोठा साहेब, आणि सुहासच्या घरामागची जमीन जिथे संपे तिथून गॉर्डनचं रान सुरू होई. माझी बायको द्वारका गेल्यावर सुहास मला तिकडे घेऊन गेला. देवगड तालुक्यातलं आमचं घर मी कुलूप लावून बंद केलं आणि किल्ली शेजारी दिली. मी बंदर खात्यात हेडक्लार्क होतो, इंग्रजी परिपत्रकं वाचण्यात जन्म गेला, म्हणून वाचायला इंग्रजी येई. बोलताना मात्र गाडी घाटात अडके.

तिकडे दिवसभर घरात मी एकटा. सुहास आणि सून मेधा दोघे कामाला जात. मूलबाळ नव्हतं, आणि तो विषय घरात निघत नसे. मेधा चांगली होती, पण माझ्याशी बोलताना तिला नेहमी कसली तरी घाई असायची. मेधा घरात आल्यापासून सुहास माझ्याशी मालवणी बोलत नसे. मी मालवणीत विचारायचं आणि त्याने पुस्तकी मराठीत उत्तर द्यायचं, असा आमचा संसार.

मी तिथे दोन गोष्टींवर तगलो होतो. एक गॉर्डन आणि दुसरा गायीचा घास.

आधी घासाचं सांगतो. द्वारकेने आयुष्यभर जेवणाआधी गायीसाठी घास काढला. थोडा भात, अर्धी पोळी, वर गुळाचा खडा. दुखणं असो, पाहुणे असोत, ती म्हणायची, "गायीचो घास काढल्याशिवाय पानार बसूचा नाय." मी कधी त्यात लक्ष घातलं नव्हतं. ती गेल्यावर मात्र घास न काढता जेवायला बसलो की घशाखाली उतरेना. अमेरिकेत आल्यावर मी मागच्या पायरीवर घास ठेवू लागलो. गाय कुठून येणार? पण कुणीतरी खाईल म्हटलं.

आणि आलं ते हरीण. तिकडची हरणं शेपटी वर करून पळतात तेव्हा खालचा पांढरा भाग फडक्यासारखा दिसतो. हा मोठा नर होता, मानेने दांडगा, शिंगांचे फाटे माझ्या दोन हातांच्या बोटांइतके. डावा कान टोकापासून अर्धा फाटलेला, म्हणून मी त्याला कानफाट्या म्हणू लागलो. उन्हं उतरायला लागली की मी माकडटोपी आणि खाकी जाकीट घालून बाहेर जाई, घास ठेवी, त्याभोवती पाणी फिरवी आणि बाजूला होई. हळूहळू तो मी तिथे असतानाच यायला लागला. शेवटी शेवटी तर मी पाच पावलांवर उभा असे आणि तो पोळी चावत माझ्याकडे बघत असे. बायको गेल्यानंतर माझ्याकडे इतका वेळ कुणी बघितलं नव्हतं.

हे मी एकदा जेवताना सुहासला सांगितलं. फाटे किती, कान कसा, सगळं. तो ताटातून मान वर करून ऐकत राहिला. दोन दिवसांनी म्हणाला, "बाबा, घास पायरीवर नको. उंदीर येतात, मेधाला आवडत नाही. मागे टोकाला ते वाकडं सफरचंदाचं झाड आहे ना, त्याच्या बुंध्याशी चपटा दगड आहे. तिथे ठेवत जा. आणि कुणाला सांगू नका. बाहेर अन्न ठेवलं की इथे लोक तक्रार करतात."

मला त्याचं बरंच वाटलं. आईच्या रीतीसाठी पोराने जागा शोधली. झाड माझ्या खोलीच्या खिडकीतून दिसे. कानफाट्याही दोन दिवसांत तिकडे यायला लागला.

आता गॉर्डन. त्याची माझी ओळख कुंपणाशी झाली. तो रबरी हरणावर बाण मारायचा सराव करत होता आणि मी बघत उभा. त्याचं ते चाकाचाकांचं धनुष्य बघून मला हसू आलं. मी माझ्या मोडक्या इंग्रजीत सांगितलं, की तरुणपणी मीही मामाबरोबर शिकारीला जायचो, ठासणीची बंदूक, रानडुक्कर. त्याचे डोळे चमकले. दत्ताराम हे नाव त्याच्या तोंडात मावेना, आणि मी बंदर खात्यातला, म्हणून मी कॅप्टन झालो. मी आजन्म जहाजावर फक्त सही घ्यायला चढलो होतो, पण कोण सांगत बसतो.

तो मला रानात फिरवी. खुरांचे माग, शिंगं घासून साल गेलेली झाडं, वारा कुठून कुठे वाहतो, सगळं दाखवी. तीन वर्षं तो एका म्हाताऱ्या नराच्या मागावर होता. तो नर दिवसाउजेडी कधी दिसतच नाही, असं तो म्हणे. एकदा दुसऱ्या कुणाच्या रानात मक्याचा ढीग टाकलेला त्याने मला लांबून दाखवला. "चारा टाकून मारतात," तो म्हणाला. "कायद्याने बंदी आहे. पण कायदा सोड. खायला बोलावून मारायचं ही शिकार नव्हे, कॅप्टन. ते खाटकाचं काम."

मी म्हटलं, माझा मामाही हेच सांगायचा. मामाचे शब्द असे होते, "ज्येना आपल्या हातचा खाल्ल्यान, तेच्यार बार टाकूचो नाय." मी ते जमेल तसं इंग्रजीत केलं. गॉर्डन थांबला आणि त्याने माझा हात हातात घेऊन दाबला. मग त्याने त्यांची एक रीत सांगितली. त्याचा आजा जर्मन वळणाचा. पडलेल्या हरणाच्या तोंडात हिरवी डहाळी ठेवायची, शेवटचा घास म्हणून, आणि टोपी काढून उभं राहायचं. मी म्हटलं, "आमच्याकडे पहिला घास गायीला." तो म्हणाला, "मग तू पहिला दे, मी शेवटचा देतो." आम्ही दोघे हसलो.

सफरचंदाच्या झाडाशी मी घास ठेवतो हे मात्र मी त्याला सांगितलं नाही. कुणाला सांगू नका, असं पोराने बजावलं होतं ना.

दिवाळी आली. मेधाचा भाऊ न्यू जर्सीत, तिला भाऊबिजेला जायचं होतं. सुहास म्हणाला, "बाबा, तुम्ही जा तिच्याबरोबर. आपली माणसं भेटतील. मला सुटी नाही."

"आणि घास?" मी विचारलं.

"मी ठेवीन."

"तू ठेवतलंस?"

"रोज ठेवीन, बाबा. पाणी फिरवून."

मी न्यू जर्सीत आठवडाभर ज्याला त्याला सांगत सुटलो, की माझा पोरगा अमेरिकेत राहून आईचा घास चालवतो. मेधाच्या भावाच्या सासूने तर डोळ्याला पदर लावला. मी इतका फुशारलो होतो की परत येताना गाडीत मेधालाही दोनदा सांगितलं. ती म्हणाली, "हो बाबा, मलाही आश्चर्य वाटलं."

आम्ही परतलो त्याच्या दुसऱ्या दिवशी शनिवार होता. मागच्या दाराजवळ माझी माकडटोपी खुंटीला होती. मी ती कपाटात ठेवून गेलो होतो. वाटलं, मेधाने जाता जाता हवा लागायला बाहेर काढली असेल. दुपारी सुहास म्हणाला, "गॉर्डन आज तुम्हाला खोपटात बसवणार आहे. मीच सांगितलं त्याला. जा, तुम्हाला आवडेल. घास आजही मीच ठेवतो."

मी मनात म्हटलं, पोर सुधारलं.

असा मी त्या खोपटात बसलो होतो.

उन्हं कलली. थंडीने गुडघे धरले होते. गॉर्डनने चिमूटभर पांढरी पूड खिडकीबाहेर सोडली आणि ती कुठे जाते ते बघितलं. पूड आमच्याकडून समोर गेली. त्याचं तोंड उतरलं. वारा फिरला होता, आमचा वास आता समोर जाणार होता. त्याने स्वतःच्या अंगाला शिकाऱ्यांचा बिनवासाचा साबण लावला होता. मी मात्र सकाळी देवपूजा करून, उदबत्ती लावून, खोबरेल चोपडून आलो होतो. मी खूण करून विचारलं, निघायचं का? त्याने मान हलवली. थोडं थांबू.

मग पानांत पावलं वाजली. सावकाश, मधे थांबत. गॉर्डनची पाठ ताठ झाली. त्याने माझ्याकडे न बघता हाताचा पंजा दाखवला, म्हणजे हलू नकोस. त्याचा श्वास मला ऐकू येत होता. पावलं थांबली. जनावराने फुर्र करून नाकातून हवा काढली, त्याला वास लागला होता. आता पळणार, असं मला वाटलं. गॉर्डनलाही वाटलं असणार, कारण त्याचे खांदे खाली आले.

ते पळालं नाही. उलट चालत जवळ आलं.

गॉर्डनने धनुष्य ओढलं. मला राहवलं नाही. मी त्याच्या खांद्यावरून वाकून खिडकीतून बघितलं.

समोर वाकडा बुंधा होता. त्याच्यामागे वाकलेली मान. जनावर एक पाऊल पुढे आलं, आडवं झालं आणि त्याने डोकं वर केलं. जबडा हलत होता. डावा कान टोकापासून फाटलेला. तो सरळ खोपटाकडे बघत होता, रोज माझ्याकडे बघायचा तसा.

माझ्या तोंडून "अरे" एवढंच निघालं, आणि त्याच वेळी बाण सुटला. ओलं फडकं दगडावर आपटावं तसा आवाज झाला. कानफाट्याने मागचे पाय झाडले, पांढरी शेपटी दाबून धरली आणि तो झुडपांत घुसला. मग काही मोडल्याचा आवाज आला, आणि पुढे काही नाही.

गॉर्डनने धनुष्य खाली ठेवलं. "तीन वर्षं," तो म्हणाला. "कॅप्टन, तीन वर्षं. वारा आपल्याकडून जात होता. त्याने पळायला हवं होतं. तो का नाही पळाला?"

मला माहीत होतं तो का नाही पळाला. ओळखीचा वास आला म्हणून तो पुढे आला. माझ्या डोक्यात एकच चाललं होतं, की सुहासला काय माहीत. त्याने आपलं सफरचंदाचं झाड बघून साहेबाला जागा सांगितली असेल. गॉर्डनचं हरीण तेच कानफाट्या, हे त्याला कुठून कळणार? पोराची चूक झाली. नकळत झाली. असं मी स्वतःला बजावत बसलो.

बाण लागल्यावर लगेच मागे जायचं नसतं, जनावराला शांतपणे पडू द्यायचं असतं. गॉर्डन ते काटेकोर पाळणारा. आम्ही बसून राहिलो, आणि तो माझा हात पुन्हा पुन्हा दाबत होता. मग आम्ही निघालो. पानांवर रक्ताचे फेसाळ थेंब होते, विड्याच्या पिंकेसारखे. फार लांब जावं लागलं नाही. गॉर्डन मागच्या बाजूने गेला, धनुष्याच्या टोकाने त्याने डोळ्याला स्पर्श केला. डोळा मिटला नाही.

तेवढ्यात घराकडून बॅटरीचा उजेड हलत आला. सुहास होता. "मिळाला?" त्याने लांबूनच इंग्रजीत विचारलं. त्याचा आवाज लग्नघरातल्यासारखा होता. तो येऊन उभा राहिला, त्याने गॉर्डनचं अभिनंदन केलं, शिंगांवर उजेड टाकला. माझ्याकडे त्याने बघितलं नाही.

गॉर्डनने हातमोजे काढले, टोपी काढली. त्याने हिरवी डहाळी तोडली, गुडघ्यावर बसला आणि आजोबांच्या रीतीप्रमाणे शेवटचा घास द्यायला जनावराचं तोंड उघडलं.

आत दातांमध्ये अर्धवट चावलेली पोळी होती. गूळ वितळून जिभेला चिकटला होता, भाताची शितं ओठांच्या केसांत होती.

गॉर्डनने ती पोळी काढून तळहातावर घेतली आणि सुहासला म्हणाला, "इथे उजेड टाक." बराच वेळ तो बघत राहिला. कारखान्याच्या मेजवानीत मेधाने त्याला पोळी वाढली होती, त्याला ती ओळखता येत होती.

"हे काय आहे?" त्याने विचारलं.

मी तोंड उघडणार, त्याआधी सुहास बोलला. इंग्रजीत, भराभर. "माझे वडील. त्यांच्या धर्माचं काहीतरी आहे, गायीसाठी बाहेर अन्न ठेवतात. मी किती वेळा सांगितलं. म्हातारे आहेत, त्यांना इथले नियम कळत नाहीत."

मला इंग्रजी बोलता येत नसलं तरी कळतं. हे सुहासलाही माहीत होतं.

गॉर्डन उठून माझ्यासमोर आला. "मी तुला दुर्बिणीतून बघितलं होतं, कॅप्टन. या आठवड्यात जवळजवळ रोज संध्याकाळी. ती तुझी टोपी आणि खाकी जाकीट घालून झाडाकडे जायचास. मला वाटलं, म्हातारा फिरायला जातो. मंगळवारी तर मी हातही हलवला होता. तू तो घास ठेवायला जात होतास?"

या आठवड्यात मी न्यू जर्सीत होतो. मंगळवारी मी मेधाच्या भावाकडे फराळाचं ताट पुढ्यात घेऊन माझ्या पोराची कीर्ती सांगत होतो.

मी सुहासकडे बघितलं. बॅटरी त्याने जमिनीकडे केली होती, त्यामुळे त्याचं तोंड दिसत नव्हतं. मला खुंटीवरची टोपी आठवली. मग एकेक करून सगळंच आठवलं. पायरीवरून हलवलेला घास, कुणाला सांगू नका, मला खोपटात बसवायची त्याची हौस. एक वाक्य बोललो असतो तर पुरे होतं. मी इथे नव्हतोच, एवढंच. गॉर्डन माझ्या शब्दावर विश्वास ठेवणारा माणूस होता, आणि मग कारखान्यात सुहासचं काय झालं असतं ते सांगायला ज्योतिषी नको.

"होय," मी म्हटलं. "मीच होतो."

गॉर्डनने ती चावलेली पोळी माझ्या हातावर ठेवली. "मक्याचा ढीग बघून तू माझ्याबरोबर मान डोलावली होतीस," तो म्हणाला. "तुझ्या मामाची गोष्ट सांगितली होतीस. तुला वाटलं असेल, मला खूश करावं. पण मी तुला मित्र समजत होतो." मग त्याने टोपी डोक्यावर घातली. डहाळी तिथेच पडली होती. त्याने खिशातून फोन काढला आणि स्वतःच्याच विरुद्ध वनखात्याला कळवलं.

आम्ही घरी आलो. मेधाने दारातच विचारलं, काय झालं. सुहासने दोन वाक्यांत सांगितलं, बाबांनी घास ठेवला होता, आणि गॉर्डनने आठवडाभर त्यांना बघितलं होतं.

"पण बाबा तर माझ्याबरोबर—" मेधा म्हणाली आणि तिथेच थांबली. तिने नवऱ्याकडे बघितलं. ती हुशार मुलगी.

"मेधा, चहा टाक," मी म्हटलं.

ती आत गेली. मी खुंटीवरची टोपी काढली. तिच्या लोकरीत कुसळं अडकली होती, त्या सफरचंदाच्या झाडाभोवतीच्या गवताची. मी ती एकेक काढून टेबलावर ठेवत बसलो.

"बाबा, कारखान्यातला तो डेव्हिड दर शनिवारी गॉर्डनबरोबर रानात असतो," सुहास म्हणाला. "वरच्या जागेसाठी आम्ही दोघंच आहोत. मी काय करू? मला बाण मारता येत नाही. साहेबाच्या टेबलावर त्या हरणाचा, रानातल्या कॅमेऱ्याने रात्री टिपलेला फोटो होता. फाटका कान. मला एवढंच देता येत होतं."

"माका सांगलंस कित्याक नाय?"

"सांगितलं असतं तर तुम्ही ठेवला असता घास?"

"नाय."

चहाचं पाणी उकळायला लागलं होतं. मग तो इतक्या वर्षांनी माझ्याशी मालवणीत बोलला. आवाज अगदी लहानपणचा.

"पयल्या दिवशी मी तसोच गेलंय, बाबा. तो पळालो. दुसऱ्या दिवशी पण पळालो. मगे तुमची टोपी घातलंय, जाकीट घातलंय. मगे तो इलो. तो तुमका वळाखता."

"वळाखता नाय रे," मी म्हटलं. "तो वळाखत होतो."

दुसऱ्या दिवशी वनखात्याचा माणूस आला. चांगला सभ्य होता, मला आजोबा म्हणाला नाही एवढंच. त्याने विचारलं त्या सगळ्याला मी होय म्हटलं आणि सही केली. सही करण्यात माझा हात जन्मभर तयार झालेला. कानफाट्याचं धूड आणि शिंगं ते घेऊन गेले. गॉर्डनला दंड झाला. गावच्या धनुर्धाऱ्यांच्या क्लबचा तो अध्यक्ष होता. चारा टाकणाऱ्यांना आयुष्यभर शिव्या दिलेल्या माणसाचं नाव त्याच यादीत लागलं. त्याने अध्यक्षपद सोडलं. त्यानंतर तो मला दोनदा दिसला, कुंपणापलीकडे, धनुष्याशिवाय. मी हात वर केला. त्याने बघितलं आणि तो वळून गेला. माझं कुणी मेलं असतं तरी मला इतकं लागलं नसतं.

नाताळ झाल्यावर मी परत आलो. सुहास म्हणाला, राहा. मेधा तसं म्हणाली नाही. ती विमानतळावर माझ्या पाया पडली आणि तिला रडू आवरेना, तेवढ्यावरून मला कळलं की तिला सगळं कळलंय. टोपी मी खुंटीवरच ठेवून आलो.

महिन्याभरात सुहासचा फोन आला, वरची जागा मिळाली. गॉर्डनने त्याला केबिनमध्ये बोलावलं आणि सांगितलं, म्हणे, की हे मी उन्हाळ्यातच ठरवलं होतं, तुझं काम डेव्हिडपेक्षा चांगलं आहे. हरणाचा आणि जागेचा काही संबंध नव्हता. साहेब सरळ माणूस होता, तो रानातल्या गोष्टी कारखान्यात आणत नसे. हे सांगताना सुहासचा आवाज फार जड झाला होता. मी म्हटलं, "बरा झाला," आणि फोन ठेवला. हात धुतले तरी गुळाचा चिकटपणा जात नाही असं त्या दिवशी मला पुन्हा वाटलं.

या गोष्टीला आता पुष्कळ वर्षं झाली. सुहास रविवारी फोन करतो, आणि दर थंडीत कुणाबरोबर तरी लोकरीची नवी टोपी पाठवतो. खुंटीवरच्या त्या जुन्या टोपीबद्दल तो कधी बोलत नाही. आलेल्या टोप्या मी वाडीतल्या म्हाताऱ्यांना वाटून टाकतो. गायीचा घास मी चुकवत नाही. शेजारच्या सुनंदाची गाय वेळ झाली की कुंपणाशी येऊन उभी राहते.

परवा हुडहुडी भरण्यासारखी थंडी होती. मी भात-पोळी घेऊन अंगणात उतरलो तशी सुनंदा पलीकडून ओरडली, "काकानू, थंडी केवडी पडली हा. डोक्यार टोपी तरी घाला."

"नको गो," मी म्हटलं. "गायीक माझा तोंड दिसाक व्हया."